पैसे भरून धावणारी माणसे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीच्या पत्रकात ‘धावण्याच्या शर्यती’ असा विषय पाहून दोघातिघांनी आम्हाला दारातच गाठले. कापूस घरात पडून आहे, ज्वारीची राखण चालू आहे, आणि तुम्ही पळापळीवर काय बोलणार? आम्ही म्हटले, पळापळीवरच बोलणार. आपल्या आयुष्यात पळापळ काय कमी आहे? बँकेत पळा, तहसीलला पळा, बियाण्याच्या रांगेत पळा. पण आज ज्या पळण्याबद्दल बोलायचे आहे ते निराळे आहे. ते माणसे हौसेने पळतात, आणि त्यासाठी पदरचे पैसे भरतात.

मुंबईत जानेवारी महिन्यात एका रविवारी मॅरेथॉन शर्यत होते. २००४ साली ती सुरू झाली. कोरोनाच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षे बंद राहिली, आणि २०२५ साली तिची विसावी खेप झाली. त्या खेपेला साठ हजारांवर माणसांनी नावे नोंदवली होती. पूर्ण शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची. ज्यांना तेवढे झेपत नाही त्यांच्यासाठी अर्धी, म्हणजे २१ किलोमीटरची, आणि ज्यांना तीही झेपत नाही त्यांच्यासाठी पाच-सहा किलोमीटरची हौसेची धाव. म्हाताऱ्यांची वेगळी, अपंगांची वेगळी. मोठ्या शर्यतीची प्रवेश फी हजारांत आहे. हसू नका. आम्हीही पहिल्यांदा ऐकले तेव्हा हसलो होतो.

यंदा आम्ही तिघेचौघे कार्यकर्ते कामासाठी मुंबईत होतो, दादरला एका ओळखीच्या घरी उतरलो होतो. घरच्यांनी पहाटेच उठवले, म्हणाले, चला, बघायला चला. शिवाजी पार्कजवळ वीर सावरकर मार्गाच्या फूटपाथवर जाऊन उभे राहिलो. शर्यत सुटते बोरीबंदरहून, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, अंधार असतानाच. तिथून मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, पेडर रोडचा चढ, हाजी अली, वरळी, समुद्रावरचा पूल ओलांडून वांद्रे, मग माहीमवरून दादर-प्रभादेवी, आणि पुन्हा त्याच चढाने परत बोरीबंदर. तो पेडर रोडचा चढ परतताना शेवटच्या टप्प्यात येतो. पाय संपलेले असतात तेव्हा चढ लागतो. कापसाची गाडी घेऊन घाट चढलेल्याला तो चढ म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

पहिल्यांदा आले ते परदेशी धावक. वाऱ्यासारखे गेले, दोन मिनिटांत दिसेनासे झाले. त्यांच्या मागून जे आले ते पाहण्यासारखे होते. पोट सुटलेला साहेब, घामाने निथळतो आहे पण थांबत नाही. सत्तरीतल्या आजी, पांढरे केस, पायात बूट. आणि बाया! शेकड्यांनी बाया, तरण्या, लेकुरवाळ्या, काही एकट्या, काही मैत्रिणींबरोबर, सकाळच्या प्रहरी भर रस्त्यात धावताहेत आणि कोणी त्यांच्याकडे वळून बघत नाही. फूटपाथवर आसपासच्या इमारतींतली माणसे संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटे घेऊन उभी. ओळखदेख नाही, तरी ‘चला चला, थोडेच राहिले’ म्हणून ओरडताहेत. ठरावीक अंतरावर पाण्याची टेबले. कोणाच्या पायाला गोळा आला तर थंडगार फवारा मारायला पोरे तयार. डॉक्टर उभे, रुग्णवाहिका उभी.

आम्ही हिशेबी माणसे. उभ्या उभ्या हिशेब सुरू झाला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. कपाशीच्या दोन ओळींत तीन फूट अंतर असेल, तर डवऱ्यामागे एकराला साडेचौदा हजार फूट, म्हणजे जवळपास साडेचार किलोमीटर चालणे होते. पाच एकर डवरले की २२ किलोमीटर. मुंबईची अर्धी मॅरेथॉन झाली, वर किलोमीटरभर जास्त. नांगराचे तास नऊ इंचाचे धरले तर एकराला सुमारे पावणेअठरा किलोमीटर. अडीच एकर नांगरून झाले की पूर्ण मॅरेथॉन होऊन वर दोन किलोमीटर उरतात. कापूस वेचणारी बाई त्याच ओळींनी जाते, तेही वाकून, आणि ओटीत कापसाचे ओझे घेऊन, आणि हंगामात तीन-चार वेळा. मेडल कोणी दिले नाही.

आता इथे टाळ्या पडतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण हिशेब इथे संपत नाही. आपल्या सोयीचा आकडा मिळाला की आपण वही मिटतो, तसे करू नका.

तो डवऱ्याचा हिशेब आपल्या बापाचा आहे. आज नांगरट ट्रॅक्टरने होते. तणनाशक आल्यापासून डवरणीच्या पाळ्या कमी झाल्या. शेतावर जायला मोटारसायकल आहे. गडी माणसाचे चालणे निम्म्यावर आले, आणि बसणे वाढले, पारावर, हॉटेलात, मोबाइलसमोर. बाईचे काम मात्र होते तेवढेच राहिले, कारण वेचणीचे यंत्र आपल्या शेतात आलेले नाही. परिणाम समोर दिसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ब्लड प्रेशरच्या आणि साखरेच्या गोळ्यांसाठी कोण बसलेले असते ते एकदा जाऊन पाहा. पूर्वी हा आजार पेठेतल्या शेटजींचा म्हणून आपण चेष्टा करायचो.

आणि शेतातले काम म्हणजे व्यायाम, हेही अर्धेच खरे आहे. बैलांच्या चालीने चालताना धाप लागत नाही. वाकून वेचताना कंबर धरते, पण काळजाला चाल मिळत नाही. काळीज हाही एक स्नायूच आहे. त्याला रोज थोडा वेळ जोराने पळवले तर ते बळकट होते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटे घाम येईल अशी हालचाल सांगितली आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. एवढा वेळ आपल्याकडे नाही असे पारावर बसून कोणी म्हणू नये.

आता त्या रस्त्यावरून आपल्या रस्त्यावर येऊ. परभणीपासून यवतमाळपर्यंत कोणत्याही डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला जा. पोरे धावत असतात. अंधारात, ट्रकच्या कडेकडेने, फाटक्या बुटांनी. ही पोरे हौसेने धावत नाहीत. पोलीस भरती आहे, सैन्य भरती आहे, त्याची तयारी चालते. पोलीस शिपायाच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, सेकंदावर गुण असतात. घरची जमीन पोट भरत नाही, मग पायच विकायला काढायचे. पोरगा चार वर्षे धावतो, वय उलटते, आणि ज्या दिवशी भरतीचा नाद सुटतो त्या दिवशी त्याचे धावणे सुटते. पुन्हा आयुष्यात तो धावत नाही. धावणे ही त्याच्या लेखी परीक्षा होती. नापास झाला, विषय संपला. आम्हाला सगळ्यात जास्त खटकते ते हे. आपल्याकडे माणूस एक तर मजुरीसाठी चालतो, नाही तर नोकरीसाठी धावतो. स्वतःसाठी म्हणून एक पाऊल टाकत नाही.

त्याच मुंबईत जून २०१४ मध्ये पोलीस भरती झाली. पाच किलोमीटरची धाव होती, पाऊस लांबलेला, ऊन आणि दमट हवा. महाराष्ट्रभरातून आलेली पोरे, बरीचशी आपल्यासारख्या घरची, रात्री फूटपाथवर झोपलेली, पोटात धड अन्न नाही. त्या धावेत एकापाठोपाठ एक तरुण कोसळले आणि दगावले. मग आरडाओरड झाली, अंतर पाचाचे तीन किलोमीटर झाले, पुढे आणखी कमी झाले. आता ही दोन चित्रे शेजारी ठेवा. शहर तेच. जानेवारीत पैसे भरून धावणाऱ्याला पाणी, मीठ-साखर, डॉक्टर, संत्र्याची फोड. जूनमध्ये पोटासाठी धावणाऱ्याला जीव गमवावा लागला. कोणाला शिव्या घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. सांगतो ते एवढ्यासाठी की धावायला दम लागतो तशी व्यवस्थाही लागते. दम आपल्याकडे आहे. व्यवस्था त्यांनी उभी केली, आपण केली नाही. आणि हेही सांगितले पाहिजे की एवढी व्यवस्था असून २०२० साली आणि २०२४ साली मुंबई मॅरेथॉनमध्येही धावकांचे मृत्यू झाले. धावणे हा पोरखेळ नाही, त्याचे शास्त्र आहे.

या शर्यतीच्या रस्त्याबद्दल आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ती समुद्राच्या कडेने जाते, उंच इमारतींच्या पायथ्याने. लालबाग-परळच्या आतून ती जात नाही. दुपारी आम्ही मुद्दाम तिकडे गेलो. लालबाग-परळ म्हणजे आपल्या कापसाचे सासर. वऱ्हाड-खानदेशातली गाठोडी तिथे उतरायची आणि सूत होऊन, कापड होऊन निघायची. घाटावरची, कोकणातली शेतकऱ्यांची पोरे त्या गिरण्यांत कामाला. भोंगा झाला की चाळीतून माणूस धावतच सुटायचा, तीही एक शर्यतच होती, उशीर झाला तर फाटक बंद. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचे सगळे तुम्हाला माहीत आहे. आज त्या चिमण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, मॉल आहेत, आणि त्या इमारतींत दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा माणूस रविवारी धावायला बाहेर पडतो.

पण गिरणगावात खेळ नव्हता असे समजू नका. चाळीचाळीतून व्यायामशाळा होत्या. लालबाग, परळ, नायगाव येथल्या कबड्डीच्या मैदानांवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसे. पाळी संपवून, आठ तास साच्यावर उभा राहिलेला माणूस लंगोट कसून मैदानात उतरायचा. चांगल्या खेळाडूला गिरणीत नोकरी मिळायची. मल्लखांब होता, कुस्ती होती, गोविंदाचे थर होते, ते थर तर आजही लागतात. कामगार कल्याण मंडळाचे तिथे क्रीडा भवन आहे. त्याला हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. आपल्या चळवळीला बाबू गेनू वेगळा सांगायला नको. पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा शेतकऱ्याचा पोरगा, गिरणी कामगार, १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या गाडीपुढे आडवा झाला. त्याच्या नावाने खेळाचे घर आहे, यात आम्हाला काही वावगे वाटत नाही, उलट शोभते. गिरणगावातला माणूस पोटासाठी राबत होता आणि तरी संध्याकाळ स्वतःसाठी राखत होता. आपण खेड्यात राहून ती राखली नाही.

धावण्यात आपण मूळचे मागे, असे म्हणाल तर शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी स्पर्धा झाल्या. दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष म्हणून आले होते. हे जमशेटजींचे चिरंजीव. त्याच जमशेटजींची नागपूरची एम्प्रेस मिल, १८७७ साली आपल्याच कापसावर उभी राहिलेली. तर दोराबजींनी काय पाहिले? शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताहेत. कोणी शिकवलेले नाही, शर्यतीचे नियम धड माहीत नाहीत, पण वेळ घड्याळात पाहिली तर युरोपातल्या धावकांच्या जवळपास. दोराबजींनी मनावर घेतले, मुंबईच्या गव्हर्नरांकडे शब्द टाकला, पैसे उभे केले, स्वतःचेही घातले, आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचे खेळाडू गेले. त्यात मॅरेथॉनला बेळगावकडचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार होते. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटांत. सराव अनवाणी केलेला माणूस, परमुलुखात, जगातला एकोणिसावा. मुंबईच्या या मॅरेथॉनला २०१८ पासून टाटांचेच नाव आहे, हा योगायोग म्हणा. पण सुरुवात अनवाणी पोरांपासून झाली हे विसरू नका.

आणि पोरे संपलेली नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे कोण पहिली आली? ललिता बाबर. साताऱ्याच्या माण तालुक्यातले मोही गाव, दुष्काळाचा मुलूख, शेतकऱ्याचे घर. तीच ललिता २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची बाई ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली होती. २०१७ ला मुंबईत पहिली आली ज्योती गवते, आपल्या परभणीची. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, आईबाप वीटभट्टीवर राबणारे, शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जायचा, आज आशियाई सुवर्णपदकाचा मानकरी आहे. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यातून ऑलिंपिकला गेली. ही नावे बागायती पट्ट्यातली नाहीत. जिथे पाऊस हुलकावणी देतो तिथली ही माणसे आहेत.

ते वाऱ्यासारखे पुढे गेलेले परदेशी, तेही काही साहेबांच्या मुलखातले नाहीत. या शर्यतीतली सर्वांत वेगवान वेळ इथिओपियाच्या हेले लेमीने २०२३ ला दिली, २ तास ७ मिनिटे ३२ सेकंद, आणि २०२४ लाही तोच जिंकला. इथिओपिया म्हणजे आपल्या ज्वारीचे माहेर. ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या त्याच बाजूने आपल्याकडे आली असे शास्त्रज्ञ सांगतात. तिथला सर्वांत नावाजलेला धावक हेले गेब्रसेलासी, दहा हजार मीटरमध्ये दोनदा ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेला, शेतकऱ्याचा मुलगा. शाळा दहा किलोमीटर दूर. पुस्तके डाव्या काखेत धरून पळायचा; पुढे जगभर धावला तरी डावा हात तसाच आखडलेला राही.

सायकलीचेही थोडे सांगतो. मुंबईत सायकल टिकवली ती मावळ-खेड-जुन्नरकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी, म्हणजे डबेवाल्यांनी. दादर स्टेशनबाहेर भरलेल्या डब्यांची सायकल ढकलणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. आता रविवारी पहाटे त्याच रस्त्यांवर दुसऱ्या सायकली दिसतात, एका हाताने उचलता येणाऱ्या, किंमत विचारली तर बैलजोडी येईल एवढी. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुनी आहे. बोरघाट आधी चढणाऱ्याला त्यात घाटाचा राजा म्हणतात. आणि अलीकडे तिहेरी शर्यतींची हौस आहे: आधी पोहायचे, मग सायकल, मग धावायचे, मध्ये विसावा नाही. शिवाजी पार्कला वाढलेले, पोहण्यात नाव काढलेले मिलिंद सोमण यांनी पन्नाशीत, २०१५ साली, झुरिकला अशी एक शर्यत पुरी केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, वर पूर्ण मॅरेथॉन, सगळे एका दिवसात. यातली निम्म्या अंतराची शर्यत २०१९ पासून गोव्यात सुरू झाली. आमच्यातला एक कार्यकर्ता म्हणाला, आपण शाळेत असताना विहिरीत उड्या मारायच्या, सायकलवर दुधाची कॅटली पोचवायची आणि घंटा झाली म्हणून शाळेपर्यंत पळायचे, ते दुसरे काय होते? गंमत म्हणून ठीक आहे. पण पन्नाशीत आपल्यातला कोण विहिरीत उतरतो ते विचारा.

मायबहिणींनो, आता तुमच्याकडे. मुंबईच्या रस्त्यावर आम्हाला खरे नवल वाटले ते बायांचे. गावात बाई पहाटे रस्त्याने धावू लागली तर लोक काय म्हणतील? ‘हिच्या घरी काही झाले का?’ असेच विचारतील. बाईने रस्त्याने धावायचे ते संकटातच, असा आपला समज. बुलढाणा जिल्ह्यातल्या लता भगवान करे, शेतमजुरीसाठी बारामतीकडे गेलेल्या, साठी उलटलेली. नवऱ्याच्या आजाराच्या तपासणीला पैसे नव्हते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटाला बक्षीस आहे असे कळले. नऊवारी लुगडे, पायात काही नाही, उभ्या राहिल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांची दखल घेतली गेली. सगळ्यांनी कौतुक केले. आम्हीही करतो. पण आमच्या मनात एक विचार येतो, की त्या माउलीच्या पायांत एवढा दम होता हे नवरा आजारी पडेपर्यंत कोणालाच, तिला स्वतःलाही, कळले नव्हते. आपल्या गावात अशा किती असतील? नवरा आजारी पडायची वाट पाहायची का?

तेव्हा आमची सूचना अशी आहे. प्रत्येक तालुक्याने वर्षातून एक धाव घ्यावी. दिवस संक्रांतीनंतरचा, ज्वारी काढणीला येण्याच्या आधीचा रविवार. तेव्हा थंडी असते, आणि वेचणीची घाई ओसरलेली असते. मुंबईची नक्कल करायची नाही. ४२ किलोमीटर कोणी धावायचे नाही. तीन किलोमीटरची एक, आणि भरतीच्या पोरांसाठी, तरण्या मुलींसाठी दहा किलोमीटरची एक. सूर्य उगवताना सुरू, आठच्या आत संपवायची. बायांची धाव आधी सोडायची, गडी माणसे त्या वेळी पाणी वाटायला उभी राहतील. सरपंचापासून सगळे.

अंतर मोजायला इंजिनिअर लागत नाही. मोठ्या मॅरेथॉनचा रस्तासुद्धा आजही सायकलच्या चाकानेच मोजतात, चाकाला फेरे मोजणारे यंत्र लावून. आपण चाकाला फडके बांधायचे, एका फेऱ्याचे अंतर टेपाने घ्यायचे, साध्या सायकलीचे सव्वादोन मीटरच्या आतबाहेर येते, आणि फेरे मोजत जायचे. दोघांनी स्वतंत्र मोजावे. पाणी एकेका किलोमीटरवर. मिठा-साखरेचे पाणी करायचे ते असे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट. चाळिशीच्या पुढच्यांनी आधी आरोग्य केंद्रात प्रेशर आणि साखर तपासून घ्यावी. ज्याच्या छातीत कधी कळ आली असेल त्याने चालावे, धावू नये. चालणाऱ्यालाही या धावेत जागा आहे. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधी लेखी कळवून बोलवावे, आयत्या वेळी नाही.

पैशाचे काय? मुंबईची शर्यत धर्मादाय संस्थांसाठी पैसे गोळा करते, २०२४ साली सत्तर कोटींच्या वर रक्कम जमली होती. आपण कोटींचे बोलत नाही. प्रवेश फी पाच रुपये किंवा एक शेर ज्वारी. त्यातून जे जमेल त्याचे काय करायचे ते धावणाऱ्यांनीच धाव संपल्यावर मांडीला मांडी लावून ठरवावे. भरतीच्या पोरांना बूट घ्या, शाळेच्या मैदानातले दगड वेचा, काहीही. फक्त एक अट: बक्षीस द्यायला कोणा पुढाऱ्याला बोलवायचे नाही, आणि रस्त्यावर कोणाचा फ्लेक्स लावायचा नाही. एकदा फ्लेक्स लागला की दुसऱ्या गावची माणसे येत नाहीत, हे तुम्ही जाणता.

बूट नसले तर चपला काढून धावता येते, पण डांबरी सोडून कच्च्या रस्त्याने जायचे असेल तर आदल्या दिवशी बाभळीचे काटे झाडून काढावे लागतील. ते काम कोणत्या गावाने कुठून कुठपर्यंत करायचे, याची वाटणी आज जेवणानंतर तालुकावार बसून करायची आहे. ज्यांच्याकडे लांब टेप असेल त्यांनी नाव सांगून ठेवावे, आणि सायकल घेऊन आलेल्यांनी जेवण झाल्यावर लगेच निघून जाऊ नये.